शिसपेन्सिलीतलं शिसं

पेन्सिलीला शिसपेन्सिल म्हणायला ज्या कुणी पहिल्यांदा सुरुवात केली, तो मला भेटला तर मी त्याला दोन शब्द सांगणार आहे. समारंभात बोलतात तसले दोन शब्द नव्हेत.

मी सुतार. चाळीस वर्षं माझ्या उजव्या कानावर पेन्सिल होती. झोपतानाही ती काढायचं लक्षात राहायचं नाही. बायको वैतागायची, म्हणायची, रात्री कूस बदललीत की मला गालाला टोचते. तिला जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर पेन्सिल कुणाला टोचली नाही.

लाकडावर खूण करायच्या आधी मी पेन्सिलीचं टोक जिभेला लावतो. ओलं टोक ठळक उमटतं. मला काम शिकवणाऱ्याने मला हे शिकवलं, त्याला त्याच्या बापाने. यात शिकवण्यासारखं काही नाही खरं तर, बघून बघून लागणारी सवय आहे. माझ्या नातीलाही ती तशीच लागली.

नातीला मी खारूताई म्हणतो. हातात येईल ते दाताने कुरतडायची म्हणून. दोन वर्षांची होती तेव्हा मुलगी तिला घेऊन माझ्याकडे राहायला आली. जावई आधी दूरच्या नोकरीवर गेले आणि मग हळूहळू नुसतेच दूर गेले. मुलीचं काम फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचं. समोरचा कितीही आग ओकला तरी आपण बर्फासारखं राहायचं, हेच तिचं कौशल्य. घरी मात्र ती माझीच मुलगी होती. कपबशी आपटणं, दारं आदळणं, "बाबा, तुम्हाला काही कळतं का!" हे सगळं रोजचं. चार वर्षं भिंतींशी बोलून काढल्यावर घरात कुणी आपल्यावर ओरडतंय यासारखं सुख नाही, पण हे मी तिला कधी सांगितलं नाही.

सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मी आणि खारूताई. ती तीन वर्षांची झाली तेव्हा मी तिला टेबल करून द्यायचं ठरवलं. जवळच एक जुनी शाळा पाडत होते. तिथून मी एक दार उचलून आणलं. असलं मुरलेलं लाकूड आता मिळत नाही. त्यावर रंगाचे थरावर थर, सगळ्यात वर हिरवा. बाल्कनीत घासायला घेतलं तर शेजारीण दोरीवरच्या कपड्यांवर धूळ येते म्हणून ओरडली. तिची जीभ माझ्या रंध्यापेक्षा धारदार. मी दार आतल्या खोलीत घेतलं, खिडकी लावून घेतली आणि तीन दिवस पॉलिशपेपरने घासलं. खारूताई शेजारी बसून होती. मी थांबलो की ती धुळीवर फू करायची, ढग उडायचा आणि ती टाळ्या वाजवायची. मीही फू करायचो.

कडा आणि पाय घासून गुळगुळीत केले. वरचा हिरवा रंग मात्र तसाच ठेवला, कारण ती म्हणाली, "आबा, हिरवं ठेव." खालच्या बाजूला हातही लावला नाही. खालची बाजू बघतंय कोण? सगळे सुतार असंच म्हणतात.

बालवाडीत घालायच्या आधी मुलांची तपासणी होते, त्यात तिचं रक्त घेतलं. आठवड्याने सकाळी अकरा वाजता फोन आला. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई होत्या.

"तुम्ही आजोबा का? बाळाचा रिपोर्ट आलाय. रक्तात शिसं सापडलंय."

"काय?"

"शिसं. प्रमाण जास्त आहे. घरात कुठून तरी पोटात जात असणार. मी येऊन बघून जाईन म्हणते."

मी मान वळवली. खारूताई तिच्या हिरव्या टेबलापाशी बसली होती आणि माझी शिसपेन्सिल निम्मी तिच्या तोंडात होती. कुरतडून कुरतडून पेन्सिलीचं पार लाकूड बाहेर आलं होतं.  शोधायचं काय त्यात? चोर समोरच बसला होता आणि त्याला घरात आणलं होतं मी, कानावर मिरवत.

"सापडलं बाई," मी म्हणालो. "तुम्ही कशाला तसदी घेता? ती चघळते ते. आत्ताच्या आत्ता फेकतो."

"शिशाची वस्तू आहे का घरात?"

"आहे म्हणजे काय, ढीग आहे. आज एक उरणार नाही."

"बरं, तिच्या हाताला लागू देऊ नका मग. तरी मी एकदा—"

मी आभार मानून फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात त्यांनी परत फोन केला, तेव्हाही हेच सांगितलं. घरात शिशाचा कण नाही, मी शब्द देतो. मुलीलाही संध्याकाळी सांगितलं की रक्तात जरा शिसं निघालंय, पेन्सिली चघळते ना, बंद केल्या. ती दमून आली होती. "नर्स येणार होती का?" एवढंच तिने विचारलं. मी म्हणालो, येऊन काय करणार, मी बघतो. माझ्या घरात माझ्यापेक्षा दुसऱ्याला जास्त कळतं हे मला तेव्हा सहन होत नसे.

पहिला फोन आला त्याच दिवशी मी हत्यारांच्या पेटीतून, खणांतून, फ्रिजच्या मागून, सदऱ्यांच्या खिशांतून एकूण एक पेन्सिल गोळा केली. कानावरचीही काढली. खारूताई माझ्या पायाला मिठी मारून बसली.

"आबा, एक. छोटी."

"एकही नाही."

"तुटकी पण नाही?"

"नाही म्हटलं ना!"

मी तिच्यावर असा कधी ओरडलो नव्हतो. संध्याकाळपर्यंत ती रडत होती. मग रडायची थांबली आणि टेबलाखाली जाऊन बसली. टेबलाखाली तिचं घर होतं. तिथे मोठ्यांना येता येत नसे, त्यामुळे मी तिथला केरही कधी काढला नाही. पुढचे तीन महिने ती दिवसातला निम्मा वेळ तिथेच असायची. मी वाकून बघायचो. ती बोटाने जमिनीवर काहीतरी काढत बसलेली असायची. आधी बोट जिभेला लावायची, मग रेघ ओढायची, परत जिभेला. मी मनात म्हटलं, पोरगी कारागीर आहे, पेन्सिल नाही तर नाही, हात थांबला नाही. मला अभिमान वाटला. हे मी लपवणार नाही.

तिचं पोट दुखायचं. जेवायला कुरकुर करायची. बारीकसारीक गोष्टीवरून हातपाय आपटायची. येत असलेले शब्द मध्येच अडकायचे आणि मग स्वतःचाच राग येऊन ती भिंतीला लाथ मारायची. मी म्हणायचो, आजोबांवर गेली आहे.

तीन महिन्यांनी परत रक्त घेतलं. आकडा दुप्पट झाला होता.

या वेळी नर्सबाईंनी फोन केला नाही. शनिवारी सकाळी, मुलगी घरी असताना, सरळ दारात आल्या. लहान चणीच्या, केस बारीक कापलेल्या, पाठीला मोठी पिशवी. चपला बाहेर काढून पायात कागदी मोजे चढवले आणि म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही फेकलंत ते शिसं कसलं होतं? मला वाटलं, मासे धरायच्या गळाला लावतात ती वजनं असतील."

"पेन्सिली," मी म्हणालो. "शिसपेन्सिली."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आजोबा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "शिसपेन्सिलीत शिसं नसतं. कधीच नव्हतं. ते ग्रॅफाइट असतं, आणि माती. फार पूर्वी लोकांचा समज होता की ते शिसंच आहे, म्हणून नाव पडलं ते पडलं."

  खारूताई टेबलाखालून बाहेर आली आणि आईच्या मागे उभी राहिली.

नर्सबाईंनी पिशवीतून बोटाएवढी कांडी काढली, पुढे कापूस लावलेली. आधी खिडकीच्या चौकटीवर घासली, काही झालं नाही. भिंतीवर घासली, काही नाही. मग हिरव्या टेबलाच्या कडेला जिथे रंग उडाला होता तिथे घासली. कापूस लाल झाला. त्या गुडघ्यांवर बसून टेबलाखाली वाकल्या, खालच्या बाजूला नुसता हात लावला तर रंगाचे पोपडे त्यांच्या तळव्यावर गळून पडले. दुसरी कांडी घासली. तीही लाल.

"हे दार कुठलं?"

मी सांगितलं. कुठे घासलं तेही सांगितलं. खिडकी लावली होती तेही. 

"पूर्वी रंगात शिसं घालायचे," त्या म्हणाल्या. "रंग चमकायचा, टिकायचा. असा जुना रंग कोरडा घासला की त्याची धूळ होते. दिसत नाही इतकी बारीक. जमिनीवर बसते, हाताला लागते, हात तोंडात जातो. आणि झाडूने ती जात नाही हो, फक्त जागा बदलते." मग खारूताईकडे बघून त्यांनी विचारलं, "तू तिथे काय खेळतेस गं?"

खारूताईने बोट जिभेला लावलं आणि हवेत एक रेघ ओढून दाखवली.

त्यानंतरचं सगळं मला नीट आठवत नाही. त्यांनी बऱ्याच गोष्टी सांगितल्या. जेवणाआधी आणि झोपण्याआधी हात धुवायचे. खेळणी धुवायची. दूध, पालेभाज्या, पोट रिकामं ठेवायचं नाही. घर साफ होऊन तपासलं जाईपर्यंत खारूताईला इथे ठेवायचं नाही. आकडा उतरेल, पण वेळ लागेल. बाकी तिच्या बोलण्याकडे, शिकण्याकडे लक्ष ठेवायचं, आत्ताच काही सांगता येत नाही. शेवटी त्या मला म्हणाल्या, "तुमचंही रक्त तपासून घ्या. चाळीस वर्षं धुळीत काढलीत. चिडचिड होते का?"

मी मुलीकडे बघितलं. एरवी तिने यावर तासभर भाषण दिलं असतं.

नर्सबाई गेल्यावर मी मुलीच्या ओरडण्याची वाट बघत उभा राहिलो. आता कपबशी फुटेल, आता दार आदळेल. ती शांतपणे कपडे भरत होती.

"मला माहीत नव्हतं गं," मी म्हणालो.

"मी तुमचं म्हणणं समजू शकते," ती म्हणाली.

तो तिचा कामावरचा आवाज होता. शिव्या देणाऱ्या परक्या माणसांसाठी ठेवलेला. तिने तो माझ्याशी कधी वापरला नव्हता. "तुम्ही मुद्दाम केलं नाहीत याची मला कल्पना आहे. आम्ही सध्या माझ्या मैत्रिणीकडे राहू. काही लागलं तर फोन करा."  मी म्हणालो, अगं, ओरड की माझ्यावर. ती म्हणाली, "नाही, तशी काही गरज नाही."

जाताना खारूताईने दारातून विचारलं, "आबा नाही येत?" मुलीने तिचा हात धरून तिला बाहेर नेलं.

मी टेबल गच्चीत नेऊन जाळणार होतो. नर्सबाईंना फोन केला तर त्या घाबरून ओरडल्याच. जाळायचं नाही, धुरातून ते आणखी पसरतं. घासायचं नाही, तोडायचं नाही. पाणी फवारायचं, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं, चिकटपट्टीने सगळ्या फटी बंद करायच्या, मग केंद्राची गाडी येऊन नेईल. तोंडाला त्यांनी दिलेला मास्क लावायचा. अंगावरचे कपडे वेगळे धुवायचे. मी सगळं तसंच केलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलेलं काम मी त्यात आपली अक्कल न घालता केलं.

टेबल बाजूला सरकवलं तेव्हा खालची जमीन उघडी पडली. फिक्या राखाडी धुळीचा चौकोन होता आणि त्यात एक घर काढलेलं होतं. बोटाने काढलेलं, तरी रेघा ठळक होत्या. एक दार, एक खिडकी, आणि आत एक माणूस. एकच. फार लहान. मला वाटलं, ती स्वतःला काढून बसली आहे. मी पेन्सिली काढून घेतल्या आणि पोर एकटी पडली. मी समोर खुर्चीत बसलेला असताना एकटी पडली. मी ओलं फडकं हातात घेऊन त्या चौकोनापाशी बराच वेळ बसलो. हे ठेवता येत नाही, झाकता येत नाही, कागदावर उतरवून घ्यायला घरात पेन्सिल नाही. मग मी ते पुसलं. एका दमात पुसलं गेलंही नाही. दाराची रेघ दोनदा पुसावी लागली.

पुढचे दिवस मी पुसत होतो. वरून खाली, एका बादलीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. दर चार हातांनी फडकं बदलायचं. कपाटावर, दारांच्या वरच्या कडांवर, खिडकीच्या खोबणीत. झाडू मी बाहेर काढून ठेवला. गालिचाही गेला. नर्सबाई येऊन जमिनीवरून आणि खिडकीवरून ओल्या कागदाने पुसून नमुने घेऊन गेल्या. पहिल्या वेळी खिडकीची खोबण नापास झाली. मी परत सुरुवात केली. माझ्या रक्तातही निघालं, खारूताईच्या दुप्पट. मुलीला मी ते सांगितलं नाही. कशाला? ती म्हणाली असती, कळवल्याबद्दल धन्यवाद.

रविवारी फोन यायचा. खारूताई कधी बोलायची, कधी नाही. एकदा तिने विचारलं, "आबा, तू काय करतोस?" मी म्हणालो, पुसतो. ती म्हणाली, "परत?" घरात इतकी शांतता होती की फडकं पिळल्याचा आवाज मला स्वयंपाकघरातून खोलीभर ऐकू यायचा. माझं कुणी नाही असं मला बायको गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान चूक माझी नव्हती.

दुसऱ्या वेळी सगळे नमुने पास झाले. कागद आला तो मी मुलीला फोनवर वाचून दाखवला, शिक्क्यासकट. खारूताईचा आकडाही उतरला होता. पूर्ण नाही, पण निम्म्याखाली. मी धीर करून विचारलं, मग येता का राहायला?  तो कामावरचा आवाज म्हणाला की तिने ऑफिसजवळ खोली बघितली आहे, बालवाडीही तिथेच आहे, दोघी भेटायला मात्र नक्की येतील.

घर सोडल्यावर पाच महिन्यांनी त्या दोघी आल्या. मी सकाळी दोनदा पुसून घेतलं होतं. दुकानातून नवीन पेन्सिल आणली होती, एकच, आणि कोऱ्या कागदांचं बंडल. खारूताई उंच झाली होती. दारात चपला काढून ती न सांगता मोरीत गेली, हात धुतले आणि मला तळवे दाखवले. मग खोलीत जाऊन टेबल होतं त्या जागेकडे बघत उभी राहिली.

"माझं घर?"

"पुसलं गं," मी म्हणालो. "पुसावं लागलं."

"आतला माणूस पण?"

"तो पण." मी म्हणालो. "तू एकटीच काढली होतीस ना तिथे स्वतःला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू आजोबांना काही म्हणजे काही कळत नाही.

"मी कशी असेन आत? मी तर काढत होते. तो तू होतास."

मुलगी खिडकीपाशी उभी होती. ती बाहेर बघत होती, पण तिने ऐकलं. मला तिथे उभं राहवेना. काहीतरी करायला हवं म्हणून मी नवी पेन्सिल घेतली, चाकूने तिला टोक काढलं, कागद समोर ओढला आणि खारूताईला म्हटलं, थांब, तुला आखून देतो. आणि चाळीस वर्षांच्या सवयीने टोक जिभेला लावलं.

"बाबा!"

खिडकीच्या काचा हादरल्या असतील. खारूताई दचकून माझ्या मागे आली.

"काढा ती तोंडातून! आधी काढा! लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला, पोरीच्या देखत? किती वेळा, किती वेळा सांगायचं माणसाने! स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट लपवून ठेवता, नर्सकडून मला कळावं लागतं! तुम्हाला काही कळतं का, बाबा? काही कळतं का?"

ती रडत होती आणि ओरडत होती. हात असे फेकत होती की शेजारी कपाट असतं तर त्याचं दार नक्की आदळलं असतं. तो आवाज माझ्या मुलीचा होता. पाच महिन्यांत मी तो ऐकला नव्हता.

पेन्सिलीत शिसं नसतं हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. मी वाद घातला नाही. पेन्सिल तोंडातून काढली, सदऱ्याला पुसली आणि खारूताईच्या हातात दिली. तिने ती कोरडीच कागदावर टेकवली.